माझा आवाज काढून घेतला तेव्हा

मी एक जुने मनगटी घड्याळ आहे. जुने म्हटल्यावर तुमच्यासमोर किल्लीचे, टिकटिक करणारे घड्याळ आले असेल. मी तसले नाही. मी स्मार्टवॉच आहे. आमच्यात म्हातारपण फार लवकर येते. नवे मॉडेल बाजारात आले, की आम्ही रातोरात आजोबा होतो.

मित्रांनो, माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर झाला. कुणी माझ्यात बॅटरी बसवली, कुणी काच चिकटवली, आणि शेवटी कुणीतरी माझ्यात आवाज घातला. काचेवर जे दिसेल ते मी मोठ्याने वाचून दाखवू शकत होते. पण माझ्या खोक्यावर पोहणाऱ्या माणसाचे चित्र होते. आवाजाविषयी एक अक्षर नव्हते. दुकानात आल्यावर दुकानदारालाही ते ठाऊक नव्हते. माझी काच लहान आणि पट्टा मळकट करड्या रंगाचा, म्हणून त्याने मला खालच्या खणात सारून दिले.

एके दिवशी ती आली. हातात पांढरी काठी, सोबत शेजारच्या काकू.

"ताईंना कुठला रंग दाखवू?" दुकानदाराने काकूंना विचारले.

"ताईंना ऐकू येतं," ती हसून म्हणाली. "मलाच विचारा. रंग कुठलाही चालेल, घड्याळ बोलणारं हवं."

"हे बोलतं ना! यावरून फोन लागतो."

"म्हणजे मी बोलणार. मला घड्याळाने बोलायला हवंय. कुठल्या बटणावर माझं बोट आहे, कुणाचा निरोप आलाय, ते त्याने मला सांगायचं."

दुकानदाराने मोठ्या नावाचे घड्याळ काढले. ते छान बोलले. तिने किंमत विचारली आणि ते तान्ह्या मुलासारखे अलगद काउंटरवर ठेवून दिले. मग स्वस्तातली घड्याळे निघाली. ती प्रत्येकावर बोट फिरवायची, कान लावायची, परत द्यायची. एक फक्त वेळ सांगून गप्प झाले. एक परदेशी भाषेत काहीतरी पुटपुटले. बाकीची मुकी. दुकानदार जांभया देऊ लागला.

"ताई, सगळं दुकान खाली काढलंत तुम्ही."

"एखादं राहिलंय का अजून?"

त्याने नाइलाजाने मला खणातून काढले. "मागच्या वर्षीचं आहे. कुणी हात लावत नाही याला."

तिने काचेवर बोट टेकवले. मी म्हणाले, "सेटिंग्ज." तिचे बोट तिथेच थांबले. ते पुढे सरकले तसे मी एकेक नाव वाचत गेले. तिने आपला फोन मला जोडून निरोप वाचून घेतले, वेगवेगळ्या माणसांसाठी वेगवेगळी थरथर लावता येते का तेही पाहिले. येत होती.

"काकू," ती म्हणाली, "हे माझ्या ऐपतीत बसतं आणि माझ्याशी बोलतं."

तिला मी का हवे होते, ते घरी गेल्यावर कळले. तिचे वडील, अप्पा, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. त्यांची वाचाही गेली होती. तिच्या तळहातावर बोट आपटून ते बोलायचे. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. त्यांच्या गळ्यात एक बटण अडकवलेले असे. ते दाबले की तिच्या फोनवर निरोप जाई. पण ती मालिश करून आखडलेले सांधे मोकळे करणाऱ्या एका उपचार केंद्रात काम करायची. तिथे फोन बाहेरच्या कपाटात ठेवावा लागे. पेशंटना कटकट नको, असा मॅनेजरचा नियम होता. घड्याळाला मात्र मनाई नव्हती. फोनवर आलेला निरोप मी तिच्या मनगटावर आणायचा, एवढ्यासाठी तिने मला घेतले होते.

ते दिवस माझ्या भाग्याचे होते. अप्पांनी बटण दाबले की मी लांब थरथरून म्हणायचे, "अप्पा बोलावत आहेत." तेलाचे हात पुसून ती निघायची. घर पुढच्याच गल्लीत होते. एकदा ती अशीच धापा टाकत पोहोचली, तर अप्पांना खिडकी बंद करून हवी होती.

"अहो अप्पा, खिडकीसाठी? माझा जीव टांगणीला लागला होता!"

अप्पांनी तिच्या तळहातावर एकदा बोट आपटले. हो, खिडकीसाठी. ती रागावली, मग हसत सुटली. केंद्रातल्या बाकीच्या बायकाही माझे कौतुक करायच्या. काउंटरवरची मुलगी तर म्हणायची, "ताई, तुमचं घड्याळ आमच्या साहेबांपेक्षा नीट बोलतं."

मित्रांनो, मग एके सकाळी मी चार्जिंगला असताना कंपनीने माझ्यात नवी आवृत्ती भरली. कुणी विचारले नाही, कुणी सांगितले नाही. मी जागे झाले तेव्हा माझी काच नव्या रंगांनी झळकत होती आणि माझा आवाज गेला होता.

तिने बोट टेकवले. मी गप्प. पुन्हा टेकवले. तिने मला कानाशी धरले, हलवले, बंद करून चालू केले. फोनवरचे माझे ॲप उघडले, तर तेही "बटण, बटण, बटण" एवढेच सांगू लागले. कुठले बटण, ते नाही. निराळी थरथरसुद्धा गेली होती. अप्पांचा निरोप असो, 'पाणी प्या' असो की कंपनीची जाहिरात, मी एकसारखेच थरथरू लागले.

तिने मॅनेजरकडे फोन जवळ ठेवण्याची परवानगी मागितली. तो म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा असतो ताई." कंपनीला फोन केला, तर पलीकडचा माणूस म्हणाला, "स्क्रीनवर काय दिसतंय ते सांगता का, मॅडम?" बोलणारे दुसरे घड्याळ घेण्यासाठी ती पैसे बाजूला टाकू लागली. तोवर मी थरथरले की ती काउंटरवरच्या मुलीला मनगट दाखवायची. बहुतेक वेळा 'चला, उठून चालू या' असेच काहीतरी असे. मुलगी आधी हसून सांगायची. पुढे पुढे नुसतेच "काही नाही" म्हणू लागली.

एके दुपारी टेबलावर एक ठेकेदार पालथा झोपला होता. त्याचा खांदा आखडला होता. मी थरथरले. तिचे हात थांबले.

"जरा माझ्या मनगटाकडे बघता का? काय लिहिलंय?"

त्याने मान थोडी वर केली. "चष्मा बाहेर राहिलाय हो. लाल काहीतरी दिसतंय. चार्जिंग संपलं असेल."

"सकाळीच केलंय."

"मग जाहिरात असणार. माझ्याही घड्याळावर सारख्या येतात."

माझ्या काचेवर ठळक अक्षरांत लिहिले होते: अप्पा बोलावत आहेत.

मी पुन्हा थरथरले. तिने हात पुसले, दार उघडून काउंटरवरच्या मुलीला हाक मारली. मुलगी जेवायला गेली होती. मॅनेजर आला.

"पेशंटला अर्धवट टाकून कुठे निघालात?"

"घड्याळ सारखं थरथरतंय. कपाटातला फोन ऐकून येते."

"कालही तुम्ही अशाच धावलात. काय निघालं? पाणी प्या! हे आटपा, मग ऐका."

काल तसेच घडले होते. दोन पेशंट हसलेही होते. तिचा चेहरा पडला आणि ती आत वळली. मी आणखी एकदा थरथरले, आणि मग निरोप यायचे थांबले. मी तिच्या नाडीवरच बसलेले असते. ती नाडी हळूहळू शांत झालेली मला कळली. जाहिरातच होती, असे तिने मनाशी ठरवले असावे.

खांदा मोकळा झाला. तिने कपाट उघडून फोन कानाशी धरला. फोन एकामागून एक वाचत गेला, "अप्पा बोलावत आहेत. अप्पा बोलावत आहेत. अप्पा बोलावत आहेत."

ती अंगातल्या एप्रनसकट धावली. काठी लोकांच्या पायांत अडकत होती, लोक ओरडत होते. घरात शिरून तिने हाक मारली. पलंग चाचपला, तो रिकामा होता. मग ती गुडघ्यांवर बसली आणि फरशी चाचपत पुढे सरकली. अप्पा सरपटत दाराच्या अलीकडेपर्यंत आले होते; तिथे तिला त्यांचा हात लागला. मुठीत बटण होते. तिने ते सोडवले, त्यांच्या बोटांखाली आपला तळहात ठेवला आणि वाट पाहिली. बोट हलले नाही.

डॉक्टरांनी काकूंना बाहेर नेऊन हळू आवाजात सांगितले, "थोडं आधी कोणी पोहोचलं असतं तर..." तिला आत सगळे ऐकू आले होते.

मॅनेजर भेटायला आला. निघताना म्हणाला, "ताई, यापुढे फोन जवळ ठेवत चला."

"आता कशाला?" ती म्हणाली.

नंतर तिने पुन्हा कंपनीला फोन लावला. या वेळी जरा वरचा माणूस भेटला. तो नम्रपणे म्हणाला, "आवाजाची सोय वापरणारे फार थोडे लोक होते मॅडम, म्हणून नव्या आवृत्तीत ती घेतली नाही."

"थोडे म्हणजे कोण, सांगू? एक मी होते. आणि एक माझे वडील."

मग त्याने विचारले, "आपल्याला आणखी काही मदत करू शकतो का?"

त्या दिवशी तिने मला मनगटावरून उतरवले. रागाने फेकले असते तर मला सोसले असते. तिने मला पुसले आणि टेबलाच्या खणात ठेवले.

परवा तिला एका अनोळखी मुलीचा फोन आला. तीही दृष्टिहीन. स्वस्तातले बोलणारे घड्याळ कुठले घ्यावे, हे माझ्या मालकिणीला विचार, असे तिला कुणीतरी सांगितले होते. मालकिणीने खण उघडून माझ्या काचेवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "हे बघ बाळ, सगळी हातात घेऊन बघ. लाजू नकोस. आज बोलतंय म्हणून भुलू नकोस. पुढच्या वर्षीही बोलेल का, ते विचार."

"दुकानदार काय सांगेल, ताई?"

"त्याला माहीत नसेल. कुणालाच माहीत नसेल. तरी विचार."

मित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण मोठेपणी माझ्यासारखी यंत्रे बनवाल. त्यांतली एखादी सोय काढून टाकायची वेळ येईल आणि कुणीतरी म्हणेल, वापरणारे फार थोडे आहेत. तेव्हा माझी एवढी विनंती ऐका. त्या थोड्यांपैकी एकाला बोलावून घ्या, समोर बसवा, आणि तेच वाक्य त्याला म्हणून दाखवा.