पट्टी नसलेली गाडी

गाडी बाहेर काढण्याआधी बॉनेट उघडायचं, ऑइल बघायची पट्टी ओढायची, जुन्या बनियनच्या फडक्याने पुसायची, परत बुडवून उन्हात धरायची आणि मगच "चला" म्हणायचं, हा आमच्या ह्यांचा नित्यनेम. देवपूजा चुकेल, हे नाही. ऑडिट ऑफिसातून रिटायर झाले, पण ऑडिट काही सुटलं नाही.

आता आमच्या सत्यजितने नवी गाडी घेतली. तिला पट्टीच नाही. इंजिन तापलं की वर चढणारा काटाही नाही. नुसती स्क्रीन, आणि तिच्यावर हिरव्या अक्षरांत 'ऑल ओके'.

"स्वतःचं ऑडिट स्वतःच?" हे कडाडले. "असं म्हणणारे पुढे सस्पेंड झालेले पाहिलेत मी!"

"बाबा, टेन्शन कशाला? ऑल ओके आहे ना," सत्यजित म्हणाला. पोरगं कशालाही हेच म्हणतं.

रविवारी शाहपुऱ्यात त्याच्यासाठी मुलगी बघायला गेलो. मनोहररावांची प्राजक्ता मला मंडळाच्या गणपतीतच आवडली होती. आधीचं एक स्थळ ह्यांच्यापायी हातचं गेलेलं, कारण ह्यांनी मुलीच्या स्वयंपाकघरात शिरून गॅसची नळी तपासली होती. म्हणून या वेळी बजावलं, "तोंड बंद आणि हात खिशात." खिशात फडकं आहे, हे मला काय माहीत!

चहा येण्याआधीच हे गायब. खिडकीतून बघते तर आमच्या गाडीचं बॉनेट उघडं, ह्यांचं डोकं आत, आणि शेजारी मनोहरराव. गेलं हेही स्थळ! मी धावतच बाहेर गेले.

"पट्टी कुठंय हिची?" मनोहरराव विचारत होते.

"नाहीच!"

"हद्द झाली! मग माणसाने भरोसा ठेवायचा तरी कशावर?" त्यांनी ह्यांचा हात धरला. "या. आमची जुनी गाडी आहे अजून. तिची बघा."

ह्यांनी पट्टी ओढली, पुसली, बुडवली, उन्हात धरली. नवी गाडी आल्यापासून ह्यांचा चेहरा असा फुललेला मी पाहिला नव्हता.

"ऑइल बरोबर आहे, रंगही छान," हे म्हणाले. "मुलगी पसंत आहे आम्हाला."

ह्यांनी मुलगी अजून पाहिलीसुद्धा नव्हती! मी कपाळावर हात मारला.

प्राजक्ता दारातून हे सगळं बघत होती. मागे सत्यजित उभा.

"काका, ते फडकं द्या इकडे," ती म्हणाली. "मुलगा मी तपासते. मघापासून काहीही विचारलं की 'ऑल ओके' म्हणतो."

ह्यांनी फडक्याची नीट घडी केली आणि तिच्या हातात दिली. रिटायर होतानासुद्धा ह्यांनी इतक्या खुशीने चार्ज दिला नव्हता.