पत्त्याचा पुरावा

बँकेबाहेरच्या यंत्रातून नोटा बाहेर आल्या, तशा रोखपालानं त्या डाव्या हातात धरल्या आणि उजवा अंगठा जिभेला लावून मोजायला घेतल्या. एकदा मोजून झाल्या. दुसऱ्यांदा, उलट बाजूनं मोजत असताना यंत्रानं दोन-तीनदा टीं टीं केलं. घाईतल्या खातेदाराला करावी तशी हात वर करून त्यानं यंत्राला थांबायची खूण केली. नोटा बरोबर भरल्या. त्यानं मान वर केली, तोवर कार्ड यंत्राच्या पोटात गेलं होतं.

कार्ड बायकोचं होतं.

बावीस वर्षं तो पतपेढीत रोखपाल होता. संध्याकाळच्या हिशेबात कधी एका रुपयाचा फरक नाही. पतपेढी दुसऱ्या मोठ्या पतपेढीत विलीन झाली, नोकरी सुटली, पण माणूस रोखपालच राहिला. बायको परिचारिका. तीन वर्षांपूर्वी ती एकटीच परदेशातल्या या शहरात वृद्धाश्रमाच्या नोकरीवर आली होती. तो चार महिन्यांपूर्वी मागोमाग आला. इथली भाषा त्याला कामापुरती येऊ लागली होती, पण यंत्रांशी अजून जमत नव्हतं.

तो बँकेत शिरला. खिडकीमागे एक तरुण मुलगी बसली होती.

"कार्ड तुमचं आहे का?"

"बायकोचं."

"मग त्यांनाच यावं लागेल."

"अहो, मी नवरा आहे तिचा."

"असाल. पण कार्डावर तसं लिहिलेलं नाही."

उत्तर नियमाला धरून होतं. रोखपालाला राग यायच्या ऐवजी जरा बरंच वाटलं. आलोच आहोत तर दुसरं कामही उरकावं म्हणून त्यानं स्वतःचं खातं उघडायची गोष्ट काढली. खिळे-स्क्रूच्या एका मोठ्या दुकानात त्याला हिशेबनिसाची जागा मिळत होती. मालकाची अट एकच: पगार खात्यात जमा होईल, खातं स्वतःच्या नावाचं हवं आणि पंधरा दिवसांत नंबर आणून द्यायचा. नाहीतर रांगेत दुसरा उमेदवार होताच.

"पत्त्याचा पुरावा?" मुलीनं विचारलं. "वीजबिल, भाडेकरार?"

"दोन्ही बायकोच्या नावावर आहेत."

"त्यांच्या खात्यात नाव घालायचं म्हटलं तरी तुमचा पुरावा लागेलच. एखाद्या सरकारी कार्यालयातून तुमच्या नावानं घरी आलेलं पत्र चालेल."

"कसलं पत्र?"

"कसलंही. कराचं असो, दंडाचं असो," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

घरी येऊन त्यानं सगळे कप्पे उपसले. पाण्याचं बिल बायकोचं, फोनचं बायकोचं. टपालपेटीत आधीच्या भाडेकरूच्या नावानं अजून जाहिराती येत होत्या. घर सोडून गेलेल्याची वट होती, राहत्या माणसाला कुणी विचारत नव्हतं. संध्याकाळी कार्डाचं ऐकून बायको फक्त "उद्या आणते" म्हणाली. पुराव्याचं तो काही बोलला नाही. बँकेचं काम आपल्याला जमलं नाही, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी, आयुष्यात पहिल्यांदा, तो बिनतिकीट बसमध्ये चढला.

प्रत्येक थांब्यावर तो आशेनं दाराकडे बघायचा. तपासनीस आलाच नाही. त्याही दिवशी नाही आणि त्याच्या पुढच्याही नाही. दोन्ही वेळा उतरल्यावर त्यानं थांब्यावरच्या यंत्रातून झालेल्या फेरीचं तिकीट काढलं आणि फाडून टाकलं. फुकट प्रवास करायचा नव्हता, फक्त पकडलं जायचं होतं.

तिसऱ्या दिवशी देव पावला. एक जाडजूड तपासनीस टोपी सावरत वर आला.

"तिकीट?"

"नाही!" रोखपाल इतक्या आनंदानं म्हणाला की तपासनिसाला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"हरवलं का?"

"काढलंच नाही."

तपासनिसानं त्याचे पिकलेले केस पाहिले, इस्त्रीचा शर्ट पाहिला. "नवीन दिसताय. असू दे. पुढच्या थांब्यावर उतरून काढा."

"असू दे कसं? दंड करा."

"अहो, मी सोडतोय तुम्हाला."

"सोडू नका!"

आवाज जरा चढलाच. समोरच्या बाईनं आपली पिशवी मांडीवर घेतली.

"दंडाचं पत्र टपालानं येतं ना?" रोखपालानं आवाज खाली आणला. "नावानिशी? पत्त्यासकट?"

"इथंच भरलात तर पावती मिळेल. नाहीतर घरी पत्र येतं."

"मग इथं नाही भरत. पत्रच पाठवा."

तपासनीस शेजारच्या रिकाम्या सीटवर बसला. रोखपालानं त्याला सगळं सांगितलं: दुकान, खातं, वीजबिल, पंधरा दिवसांतले उरलेले बारा. तपासनिसानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"अठरा वर्षं झाली या कामाला," तो म्हणाला. "मला बघून लोक खिडकीतून उड्या टाकायचं तेवढं बाकी ठेवतात. दंड करा म्हणून मागे लागलेला पहिलाच माणूस बघतोय. पासपोर्ट काढा."

त्यानं नाव एकेक अक्षर जुळवून उतरवलं, पत्ता दोनदा विचारला आणि कागद रोखपालापुढे धरला. "नीट वाचा. एक अक्षर जरी चुकलं तरी बँकवाले परत पाठवतील."

रोखपालानं वाचलं. एकदा सरळ आणि एकदा उलट.

आठव्या दिवशी पत्र आलं. दंड भरून त्याची पावती सोबत जोडूनच तो बँकेत गेला. खिडकीतल्या मुलीनं पत्र वाचलं, ओठ घट्ट मिटून घेतले आणि प्रत काढायला उठली, ती बराच वेळ पाठमोरीच राहिली. अर्ध्या तासानं रोखपाल बँकेच्या पायऱ्या उतरला, तेव्हा खात्याचा नंबर त्याला तोंडपाठ झाला होता. तिथून तो थेट दुकानात गेला. मालकानं नंबर लिहून घेतला आणि सोमवारी या म्हणाला.

संध्याकाळी बायको कामावरून आली आणि दाराजवळच्या स्टुलावर बूट काढायला बसली. तिचा एक बूट निघतोय तोवर त्यानं गोष्ट सुरू केली होती. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानं तपासनीस करून दाखवला, पिशवीवाली बाई करून दाखवली. "तुम्ही? बिनतिकीट?" असं म्हणत बायको पोट धरून हसत होती. डोळ्यांतलं पाणी तिनं बाहीनं पुसलं.

"दंड किती झाला?"

त्यानं आकडा सांगितला.

"मला याच्या दुप्पट झाला होता," ती म्हणाली.

"तुला? कधी?"

"आले त्याच महिन्यात. मी तिकीट काढलं होतं हो. पण बसमधल्या यंत्रात घालून त्यावर ठसा उमटवायचा असतो, हे कुठं माहीत होतं? घाबरून तिथल्या तिथं पैसे देऊन टाकले. मग महिनाअखेरपर्यंत चालतच जात होते."

"आणि बँकेचं?"

"खातं उघडायला तीन महिने लागले. माझ्याकडे तरी कुठला कागद होता? आश्रमाच्या बाईंना विनवून पगार रोख घ्यायचे, आणि उशीच्या अभ्र्यात ठेवायचे."

ती हे बाजारभाव सांगावा तसं सांगत होती. रोखपालाला ते तीन महिने आठवले. दर रविवारी फोनवर तो तिला बजावत असे, पैसे घरात ठेवू नकोस, बँकेत टाक, व्याजाचा दर विचारून घे. ती म्हणायची, हो, टाकलेत. आणि तो समाधानानं फोन ठेवायचा.

तिला म्हणून दाखवायचा म्हणून खात्याचा नंबर त्याच्या ओठांवर आला होता. तो त्यानं गिळला. तिच्या दुसऱ्या बुटाच्या नाडीला गाठ बसली होती. तो खाली उकिडवा बसला आणि नखानं ती सोडवू लागला.

"सांग," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून सांग."

"आत्ता? आणि स्वयंपाक?"

"होईल स्वयंपाक."

तिनं भिंतीला पाठ टेकली, क्षणभर वर पाहिलं.

"तर झालं असं," ती म्हणाली.