तळ्याच्या तळची वाळू

मी तळ्याच्या तळाशी पसरलेली वाळू बोलतेय. जन्माने मी कन्हान नदीची. तिथे वाहत होते. इथे, बेसाच्या पलीकडच्या या तळ्यात, मला एका जागी निजवलं आहे.

माझ्याखाली काळा गाळ आहे. बंद पडलेल्या एका कारखान्याचं तेल आणि विष त्यात मुरलेलं. उपसला तर सगळं पाणी नासेल, म्हणून होड्यांतून मला त्याच्यावर ओतलं. पांघरूण म्हणून.

हे पांघरूण किती टिकेल, याचं गणित तळ्याचं काम बघणाऱ्या मोनालीने मांडलं. विष माझ्या कणाकणांतून कसं वर सरकेल, हे ती संगणकावर बघायची. तिच्या हिशेबाने त्याला शंभर वर्षं लागणार होती. मीही निर्धास्त होते.

मग उन्हाळा आला. गाळ तापला आणि खालून मला काहीतरी टोचलं. गाळात साचलेल्या वायूचा बुडबुडा होता. माझ्यातून वर गेला आणि मागे तेलाची रेघ सोडून गेला. दुसरा त्याच वाटेने आला. मग कितीतरी. जणू खाली कुणी झोपेत श्वास सोडतंय. मला ओरडता येत नाही. मी फक्त बाजूला सरते.

एका भर दुपारी मोनाली होडीतून आली. सोबत मच्छीमार सोसायटीचे रुपराव. काठावर त्यांचा टेम्पो उभा, मासोळीच्या बियाने, बोटभर पिल्लांनी, भरलेला. तळ्यातली मासेमारी बंद झाल्यापासून त्यांची माणसं उमरेडकडे मजुरीला जात होती.

मोनालीने पारदर्शक नळी माझ्यात खुपसून वर काढली आणि उन्हात धरली. माझ्या फिकट अंगात काळ्या शिरा चढल्या होत्या. एक तर पार वर पोचलेली.

"सोडू का मंग बी?" रुपरावांनी विचारलं.

"नका सोडू, भाऊ. माझं गणित चुकलं. बुडबुडे मी हिशेबात धरलेच नव्हते."

"हे आता काहून सांगून राहिल्या, मॅडम? लोकायले काय सांगू मी?"

"मी येते ना तुमच्यासंगं. मीच सांगते."

तेवढ्यात होडीशेजारी एक बुडबुडा फुटला. पाण्यावर रंगीत तवंग पसरला. रुपरावांनी पाण्यातला हात झटकन काढला आणि सदऱ्याला पुसत राहिले. किती तरी वेळ पुसत राहिले.

टेम्पो भरलेलाच परत गेला.

मोनाली आता नव्याने गणित मांडतेय. माझ्यावर आणखी एक थर घालणार म्हणतात. तोवर खालचं माझ्यातून वर येतंच आहे. त्याला अडवायला मला आणलं होतं. मी त्याची वाट झाले.

काठावरून पाणी निवळशंख दिसेल. तरी लेकरांना उतरू देऊ नका. त्यांचा पाय माझ्यात रुतला, तर खालच्याला आणखी एक वाट सापडेल.