चिरनेरचा एक गुण

जिल्हा शालेय कबड्डीत मुलींची अंतिम लढत पनवेलच्या मैदानावर अशी काही पेटली होती, की चहावाल्यानेसुद्धा किटली खाली ठेवून दिली होती. एका बाजूला आपटा गावची शाळा, दुसऱ्या बाजूला चिरनेरची, आणि फलकावर अठ्ठावीस-अठ्ठावीस. खेळ संपायला मिनिटही उरलं नव्हतं.

शांती घरत शिट्टी ओठांत धरून बाजूच्या रेषेलगत पुढे-मागे पळत होती. सुकापूरजवळच्या एका शाळेत ती खेळ शिकवायची आणि एकोणतीस वर्षं शालेय सामन्यांना पंच म्हणून उभी राहत आली होती. तिने कबड्डीचे किती सामने पाहिले, याचा हिशेब तिलाही ठाऊक नव्हता. तरी आज छाती अशी धडधडत होती, जणू स्वतःच चढाईला निघालीय.

त्यात चिरनेर तिचं माहेर. सकाळीच तिने हे काशिराम म्हात्र्यांच्या कानावर घातलं होतं. काशिरामभाऊ या सामन्याचे सरपंच, म्हणजे पंचांचे पंच. ती त्यांच्याच हाताखाली तयार झालेली.

"दुसरं कोण देऊ?" ते म्हणाले होते. "आणि दुसरं कोणी असतं तरी तुलाच उभी केली असती."

आता शेवटची चढाई चिरनेरची होती. समृद्धी आत शिरली. काडीसारखी पोर, पण पायाला वारा लागलेला. आपट्याच्या सहा जणी मैदानात होत्या, म्हणजे बोनस रेषेपलीकडे पाय टाकला तरी गुण मिळणार होता. समृद्धीने डावीकडे हूल दिली, उजवीकडे वळली, मागचा पाय उचलला आणि पुढचा झपकन रेषेकडे फेकला. शांतीचा अंगठा आपोआप वर गेला. बोनस. समृद्धी मध्यरेषेपलीकडे परत आली आणि वेळ संपल्याची शिट्टी झाली.

चिरनेर एकोणतीस. चिरनेरच्या पोरी किंचाळत मैदानात घुसल्या. कुंपणाजवळ शांतीचा भाचा निकेश गावातल्या पंचवीस-तीस जणांसोबत नाचायला लागला. कोणीतरी ताशा आणला होता, तो वाजू लागला.

शांतीची नजर मात्र खाली गेली होती. दोन मिनिटांपूर्वी टाइमआउटमध्ये त्या कोपऱ्यातली पुसटलेली रेषा चुना टाकून नव्याने आखली होती. त्या ताज्या पांढऱ्या पट्ट्यावर समृद्धीच्या पायाच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. अलीकडची कड दबलेली, पलीकडची सुतासारखी सरळ, शाबूत. पाय रेषेवर पडला होता, पलीकडे गेलाच नव्हता.

आनंदाने बेभान झालेल्या पोरी थेट तिकडेच धावत येत होत्या. अजून दोन पावलं आणि तो ठसा कुणालाच दिसला नसता. निर्णय झालेला होता, सामना संपलेला होता, माहेर जिंकलेलं होतं. शांतीला वाटलं, आपण नुसतं उभं राहिलो तरी पुरे आहे.

तिने दोन्ही हात आडवे पसरले, रेषेवर पाय फाकून उभी राहिली आणि छातीतला सगळा वारा काढून शिट्टी फुंकली. पोरी तिच्या अंगावर आदळता आदळता थांबल्या. ताशा बंद पडला.

काशिरामभाऊ खुर्चीतून उठून आले. "काय झालं?"

"बोनस नाही. मी चुकले. हे बघा."

समोरच्या बाजूचे पंच मुबारक सरही धावत आले. "माझ्याकडे तिची पाठ होती," ते म्हणाले. "मला पाय दिसला नाही."

चिरनेरचे प्रशिक्षक कुंदन सर लालबुंद झाले होते. "मॅडम, तुम्ही अंगठा दाखवलात. सगळ्या मैदानाने पाहिलं. दिलेला गुण परत कसा घेता?"

"चुकीचा दिला होता, सर."

कुंदन सर समृद्धीकडे वळले. "तू सांग. पाय पलीकडे पडला की नाही?"

समृद्धी धापा टाकत त्या ठशाकडे बघत राहिली. "मला वाटलं, पडला," ती हळूच म्हणाली. मग तिने मान खाली घातली. "पण हा माझाच पाय आहे."

काशिरामभाऊ गुडघ्यावर हात ठेवून वाकले, बराच वेळ रेषा न्याहाळत राहिले. सरळ होऊन त्यांनी गुणलेखकाकडे हात केला. "बोनस रद्द. अठ्ठावीस-अठ्ठावीस. पाच-पाच चढाया खेळवा."

आपट्याकडून असा गजर उठला की शाळेच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. कुंपणावरून निकेशचा आवाज आला, "आत्ये, आपल्याच गावाचा पॉइंट काढलास? आता आमी गावात तोंड कसा दाखवायचा?" शांतीने तिकडे पाहिलं नाही. ती रेषेवरच्या आपल्या जागी परत गेली.

पाच-पाच चढाया म्हणजे श्वास घ्यायलाही फुरसत नाही. दोन्ही संघांच्या चार-चार झाल्या आणि पुन्हा बरोबरी, गुण पाच-पाच. चिरनेरची शेवटची चढाई समृद्धीचीच. ती खाली मान घालून आत गेली आणि कोपऱ्यातल्या मुलीच्या खांद्याला बोट लावून अशी परतली, की आपट्याच्या मुलींचे हात हवेतच राहिले. चिरनेर सहा.

उरली आपट्याची एक चढाई. जिंकायला दोन गुण हवे होते. पूर्वी नावाची मुलगी निघाली. थोराड हाडाची, दमदार पोर. तिने एकीला पायाने टिपलं आणि वळली, तोच दुसरीने तिचा घोटा धरला. पूर्वी तोंडावर पडली, पण हात लांबवून मध्यरेषेकडे सरकायला लागली. एक वीत. अर्धी वीत. बाकीच्या धावून येण्याआधी बोटं रेषेजवळ पोचली.

शांती जमिनीवर आडवी झाली होती. गाल मातीला टेकलेला, डोळा रेषेच्या पातळीवर. या वेळी तिने आधी नीट पाहिलं. मधलं बोट रेषेपलीकडे मातीत रुतलेलं होतं. मगच तिने दोन बोटं वर केली: एक गुण पायाने टिपलेलीचा, एक घोटा धरणारीचा.

आपटा सात, चिरनेर सहा.

पुढची पाच मिनिटं कोण कोणाला मिठी मारत होतं ते कळत नव्हतं. शांती कपड्यांवरची माती झटकत बाजूला आली, तेव्हा मजा म्हणजे तिला हसू येत होतं. इतकी तरतरी तिला कित्येक वर्षांत आली नव्हती.

काशिरामभाऊंनी पाण्याची बाटली पुढे केली. "अडतीस वर्षांत मी एकही निर्णय फिरवला नाही," ते म्हणाले. "त्याचा तोरा मिरवला. त्यातले दोन तरी चुकीचे होते, हे मला त्याच दिवशी कळलं होतं." मग म्हणाले, "मुलांची फायनल अर्ध्या तासात आहे. सरपंच तू बस. मी रेषेवर उभा राहतो."

"मुलांच्या फायनलला बाई सरपंच? जिल्ह्यात झालंय कधी?"

"नाही झालं. म्हणून तर म्हणतो."

निकेश पाठ फिरवून फाटकाबाहेर निघून गेला. ते तिला लागलं. रात्री फोन करायचा, असं तिने ठरवलं. तेवढ्यात समृद्धी समोर येऊन उभी राहिली. डोळे रडून सुजलेले, पण नजर ताठ.

"मॅडम, पाय किती कमी पडला?"

शांतीने चिमटीत अंतर दाखवलं. "एवढा."

समृद्धीने ते नीट पाहून घेतलं, मान डोलावली आणि आपल्या मैत्रिणींकडे पळाली.

माइकवरून मुलांच्या संघांची नावं पुकारली गेली. शांतीने शिट्टी पुसली आणि सरपंचांच्या खुर्चीकडे झपाझप चालू लागली.