हेमाताईंचं भिंग आणि राहेलबाईंची वही

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. पितळी कड्याचं, शिसवी दांड्याचं आणि एका कडेला टवका उडालेलं. दुसऱ्याच्या गोष्टीत नाक खुपसू नये असं तुम्हाला घरी सांगत असतील. मला ते कोणी सांगितलं नाही, कारण नाक खुपसणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

माझा जन्म कुठला, ते मला ठाऊक नाही. काच घासणाऱ्याचा अंगठा तेवढा आठवतो, फार खरखरीत होता. पहिली नोकरी मार्केट यार्डात, नागोराव नावाच्या धान्याच्या दलालाकडे. ते मूठभर गहू तळहातावर घ्यायचे, मला वर धरायचे आणि टोके, म्हणजे धान्यातले किडे, शोधायचे. एखादा सापडला की विकणाऱ्याला म्हणायचे, "हा बघा, तुमचे पाहुणे आधीच येऊन बसलेत." कोणी कितीही शपथा घेतल्या तरी दाणा आपण स्वतः पाहावा, हे मी तिथे शिकलो. नागोराव गेल्यावर मी जुन्या बाजारात एका गोणपाटावर, मोडक्या कुलपांच्या शेजारी येऊन पडलो.

तिथून मला उचललं हेमाताईंनी. त्या नारायण पेठेत राहायच्या आणि कॉलेजात मराठी शिकवायच्या. एका विद्यार्थिनीच्या लग्नासाठी त्या रास्ता पेठेत गेल्या होत्या. मुलगी बेने इस्रायल, म्हणजे कित्येक पिढ्यांपूर्वी कोकणात उतरलेल्या आणि मराठीच बोलणाऱ्या ज्यू लोकांपैकी. तिथे बायका ओव्या म्हणत होत्या. चाल ओळखीची, भाषा घरातली, आणि ओवीत मात्र ज्यूंचा प्रेषित मोशे आणि त्याच्यासाठी दुभंगलेला समुद्र! हेमाताई जेवण विसरल्या. ही गाणी कोणी रचली, कधी रचली, कोणाकडून कोणाकडे गेली, या प्रश्नांनी त्यांना झपाटलं, आणि दोन दिवसांत त्यांनी मला विकत घेतलं.

मग काय विचारता! आम्ही दोघांनी लोकांचे उंबरे झिजवले. लग्नपत्रिका, प्रार्थनेची जीर्ण पुस्तकं, फोटोंच्या मागचा मजकूर, काही म्हणून सोडलं नाही. गव्हातल्या टोक्यांपेक्षा अक्षरं किती गमतीची असतात, हे मला तेव्हा कळलं. एखाद्या 'ळ'च्या वळणावरून हेमाताई सांगायच्या की लिहिणारी बाई घाईत होती. मलाही ते पटायचं.

बावीस वर्षांपूर्वी मिल्काबाई झिराडकरांनी त्यांना एक वही दोन दिवसांसाठी दिली. काळ्या पुठ्ठ्याची, लांबट, गाण्यांनी भरलेली. लग्नात ऐकलेली ओवी त्यात सापडली:

दर्या झाला दुभंग, वाट कोरडी निघाली,
माझी लेक सासरला, मागं बघत चालली.

"ही माझ्या सासूबाईंनी रचली. राहेलबाईंनी," मिल्काबाई म्हणाल्या.

"त्याला काही पुरावा?" हेमाताईंनी विचारलं.

"माझं आणि त्यांचं एक दिवसही पटलं नाही. सासूची खोटी स्तुती करणारी सून तुम्ही कुठे पाहिलीत?"

नाही म्हटलं तरी पुरावा बिनतोड होता. पण हेमाताईंची शिस्त कडक. दोन दिवस त्यांनी मला पानापानांवरून फिरवलं. नाव कुठेच सापडलं नाही. वहीतली बारा गाणी त्यांच्या पुस्तकात आली आणि त्यांच्याखाली छापलं गेलं: 'कर्ती अज्ञात'. पुस्तकाचं कौतुक झालं, सत्कार झाले, शाली आल्या. मिल्काबाईंकडून मात्र दोन ओळींचं पोस्टकार्ड आलं. 'नाव सांगितलं होतं. पुन्हा येऊ नये.'

पुढे माझेही दिवस फिरले. हेमाताई निवृत्त झाल्या, दृष्टी मंदावली. आयटीत काम करणाऱ्या त्यांच्या भाचीनं, तनयानं, त्यांना टॅबलेट आणून दिला. "मावशी, दोन बोटांनी झूम कर की! ते भिंग-बिंग काय घेऊन बसलीस?" झालं! मी गेलो टेबलाच्या खणात, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांखाली. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. खणात बघण्यासारखं काही नसतं हो, आणि मला तर बघितल्याशिवाय करमत नाही.

सहा वर्षांनी, या मार्चमधल्या एका बुधवारी, फोन वाजला. स्पीकरवरचा आवाज मी खणातूनही ओळखला.

"मी मिल्का झिराडकर. अजून आहे. पुढच्या महिन्यात मुलाकडे इस्रायलला चालले, कायमची. रविवारी घरातली जुनी पुस्तकं पुरणार आहोत, त्यात ती वहीपण आहे. बघायची असेल तर या. फोटो काढायचा नाही. मागच्या खेपेला घाईनं उतरवून नेलंत आणि काय छापलंत ते पाहिलं. या खेपेला बसून वाचायचं."

"आपण मला का बोलावताय?" हेमाताईंनी विचारलं.

"विमानात सामान तोलून मापून नेतात. राग कशाला बरोबर नेऊ?"

मित्रांनो, या लोकांची एक रीत आहे. देवाचं नाव असलेला कागद जीर्ण झाला, तरी तो फेकत नाहीत की जाळत नाहीत. माणसाला देतात तशी त्याला दफनभूमीत माती देतात. वहीला कसर लागली होती, पानं गळत होती आणि गाण्यागाण्यात देवाचं नाव होतं. म्हणजे रविवारनंतर ती कोणालाच दिसणार नव्हती.

फोटो नाही म्हटल्यावर टॅबलेट काय कामाचा? खण उघडला, आणि सहा वर्षांनी माझ्यावर उजेड पडला.

गुरुवारी सकाळी आम्ही रास्ता पेठेत पोचलो. त्र्याऐंशीच्या मिल्काबाईंनी कापडातून वही काढली आणि टेबलावर ठेवली. हेमाताईंनी सवयीनं ती पालथी केली आणि डावीकडून उघडली. पहिलं गाणं समोर आलं.

मिल्काबाई बघत राहिल्या. "मागच्या खेपेलाही अशीच उघडली होतीत?"

"म्हणजे?"

"आमची पुस्तकं उजवीकडून उघडतात. तुम्ही आमच्यावर पुस्तक लिहिलंयत ना?"

हेमाताईंच्या हातात मी गार पडलो. गाणी मराठी, अक्षर मराठी, म्हणून त्यांनी वहीसुद्धा मराठी धरली होती. गाणी संपल्यावर कोरी पानं लागली होती आणि तिथेच आम्ही वही मिटली होती. तेव्हा आणखी चार पानं उलटावीशी मलाही वाटली नाहीत, एवढा मी चौकस!

हेमाताईंनी वही फिरवली. उजवीकडचं पहिलं पान पिवळं पडलं होतं. वर एक हिब्रू ओळ, खाली देवनागरी, शाई पार उडालेली. दोघींनाही ते वाचता येईना. मग हेमाताईंनी मला खिडकीच्या उजेडात धरलं आणि मी मुंगीच्या पावलानं सरकू लागलो. अक्षरामागून अक्षर वर आलं.

'ही गाणी मी राहेल, दानियेल झिराडकराची विधवा, हिने पोरींच्या लग्नांसाठी रचली. कोणाची म्हणून कोणी पुसले, तर हे नाव सांगावे.'

मिल्काबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "आम्हाला सगळं पाठ. वही उघडतंय कोण? मला ठाऊक नव्हतं हो, म्हातारीनं लिहून ठेवलंय."

"तुम्ही नाव सांगितलं होतंत," हेमाताई म्हणाल्या. "मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. माझं चुकलं, मिल्काबाई." एवढ्या वर्षांत त्यांना इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"चहा घ्या," मिल्काबाई म्हणाल्या, "आणि लिहायला लागा. शुक्रवारी दिवस मावळला की लेखणी खाली. शब्बाथला, म्हणजे आमच्या विसाव्याच्या दिवशी, या घरात लिहीत नाहीत."

एकूण एक्केचाळीस गाणी. हेमाताई माझ्यातून बघत उतरवत होत्या, मिल्काबाई चुका दाखवत होत्या. मध्ये एकदा हेमाताईंनी विचारून पाहिलं, "वही एखाद्या संग्रहालयात ठेवली तर?"

"माणूस गेलं म्हणून त्याला कपाटात ठेवता का?"

हेमाताई पुन्हा लिहू लागल्या. शुक्रवारी उन्हं उतरली तेव्हा तीन गाणी उरली होती. मिल्काबाईंनी मेणबत्त्या लावल्या, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना केली. हेमाताईंनी लेखणी खाली ठेवली. शनिवारी हेमाताई पुन्हा गेल्या, वही-पेनाशिवाय. मिल्काबाई ती तीन गाणी म्हणत राहिल्या आणि आयुष्यभर कागदाशिवाय कशावर विश्वास न ठेवलेली ही बाई ती ऐकून ऐकून पाठ करत राहिली. त्या दिवशी मला काही काम नव्हतं. मी पर्समध्ये पडून ऐकत होतो आणि काचेला गळा असता तर किती बरं झालं असतं असं वाटत होतं.

रविवारी वही मातीत गेली. हेमाताईंनीही मूठभर माती टाकली.

सोमवारपासून आम्ही ग्रंथालयं पालथी घालतोय. पहिल्याच ठिकाणी हेमाताईंनी आपलं पुस्तक उघडून 'अज्ञात'वर पेन टेकवलं, तोच रंगनाथ नावाचे ग्रंथपाल धावत आले. "अहो बाई, पुस्तकात लिहू नये! भिंतीवर एवढी मोठी पाटी लावलीय, ती काय शोभेला?"

"हे सगळं पुस्तक मीच लिहिलंय," हेमाताई म्हणाल्या. "एक शब्द चुकला होता."

रंगनाथांनी मुखपृष्ठ पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं खुर्ची ओढून दिली.

मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस एखादं नाव सांगत असेल, तर पुरावा जरूर मागा. पण तो शोधायला त्याच्याशेजारी बसा, आणि वहीची सगळी पानं उलटा. आम्ही आतापर्यंत नऊ ग्रंथालयं केली. हेमाताईंचे गुडघे दुखतात, सगळीकडे आमच्यानं पोचवणार नाही. तुम्हाला कुठे हे पुस्तक मिळालं आणि पान एकशे चारवर 'अज्ञात' तसंच दिसलं, तर ग्रंथपालांना विचारून ते खोडा आणि तिथे राहेल झिराडकर असं लिहा. मग ते नाव एकदा मोठ्यानं वाचा. तसं तिनं सांगून ठेवलं आहे.