शीत न चाखलेला भात

मी काठवट बोलतेय. भाकरीचं पीठ मळतात ती नव्हे, सुशीच्या भाताची काठवट. परातीसारखी पसरट, फळ्या जोडून केलेली, कमरेला तांब्याच्या पट्ट्या. बोलतेय खरी, पण तोंड वर करून बोलायची सोय राहिलेली नाही.

जन्म मात्र चांगल्या हातचा. एका जपानी कारागिराने सुवासिक लाकूड तासून, एकही खिळा न मारता मला घडवलं. तिथे सुशी शिकून परत निघालेल्या एका तरुणाने मला पोटाशी धरून घरी आणलं. मग त्याने एका गल्लीत छोटंसं हॉटेल काढलं. समोर लाकडी फळी, फळीपुढे स्टुलं, मागे लाकडाची चूल. हळूहळू लोक त्याला वस्ताद म्हणू लागले.

वस्तादांचं एक तत्त्व होतं आणि ते ऐकल्याशिवाय गिऱ्हाइकाची सुटका नसे. "मासा म्हणजे पाहुणा. त्याचं कौतुक होणारच. पण घर चालतं घरच्या माणसावर, आणि तो म्हणजे भात." म्हणून दुपारच्या जेवणाचा भात वेगळा आणि रात्रीच्या जेवणाचा वेगळा. दुपारचा उरलेला भात घरची माणसं खायची, तो रात्री गिऱ्हाइकापुढे कधी गेला नाही.

वाफाळता भात माझ्यात ओतला की वस्ताद त्यावर व्हिनेगर शिंपडून तो उलथायचे आणि त्यांची बायको पंख्याने वारा घालायची. तिला सगळे वहिनी म्हणत. भात अंगाइतका कोमट झाला की वहिनी एक शीत उचलून जिभेवर ठेवायच्या. त्यांनी होकाराची मान हलवली की मगच वस्ताद दार उघडायचे. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, ती आमच्याकडे रोज दोन्ही वेळा व्हायची. एकदा वहिनी म्हणाल्या, "आज मीठ घालताना हात आखडलात." बाहेर माणसं ताटकळली, पण भात पुन्हा लावला गेला. त्या दिवशी मला काय अभिमान वाटला होता!

मला धुवायच्याही वहिनीच. गरम पाण्याने घासून मागच्या खिडकीशी, सावलीत, तिरकी उभी करायच्या. "लाकडाला वारा लागू द्या, तेही गुदमरतं," म्हणायच्या.

मग वहिनी गेल्या.

हॉटेल पुन्हा उघडलं, पण चव बघणारं कोणी उरलं नाही. मासा कापायला आता त्यांची मुलगी उभी राहायची. तिने एकदा शीत उचलायला हात पुढे केला, तर वस्ताद म्हणाले, "राहू दे. ते तिचं काम आहे." मुलीने हात मागे घेतला. स्वतः वस्तादही चाखेनात. मला धुवायचं काम मात्र त्यांनी हट्टाने स्वतःकडे घेतलं. धुवायचे, आणि धूळ बसू नये म्हणून ओली असतानाच मला वहिनींच्या एप्रनमध्ये गुंडाळून कपाटात ठेवायचे. मायाच होती ती. पण मायेने लाकूड सुकत नाही. माझ्या बुडाच्या सांधी काळ्या पडल्या आणि मला कुबट वास येऊ लागला.

तो वास भातात उतरत होता. मला कळत होतं आणि मला काहीच करता येत नव्हतं. गरम भात अंगावर पडला की वाटायचं, भुई दुभंगावी आणि तिने मला पोटात घ्यावं. त्यात एखादं नवखं गिऱ्हाईक माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचं, "काय जुनं भांडं आहे! ही चव त्याचीच." खरंच होतं. चव माझीच होती.

समोरच्या दुकानातले शिंपीकाका रोज दुपारी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे. एक दिवस त्यांनी पानात सुशी टाकली.

"काका, मासा बरा नाही का?" वस्तादांनी विचारलं.

"मासा फक्कड आहे रे. पोट भरलं."

दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. दुकान उघडं होतं. शिवणयंत्राआड डबा उघडून काका खाली मान घालून जेवत होते आणि आमच्या काचेतून ते सगळ्यांना दिसत होतं. वस्ताद सुरीला उगाच धार लावत बसले.

त्यानंतरच्या दुपारी दाराशी माणसं जमलेली असताना मुलीने कोणाला न विचारता माझ्यातलं एक शीत उचललं आणि तोंडात टाकलं.

"बाबा, दार उघडू नका."

"तुला किती वेळा सांगितलं..."

"आईने उघडू दिलं असतं का? तुम्ही चाखून बघा."

वस्तादांनी शीत जिभेवर ठेवलं. मग भात बाजूला सारून त्यांनी माझ्या बुडावरून अंगठा फिरवला, तो हुंगला आणि मटकन खाली बसले.

"मीच नासवली गं हिला. आणि तू इतके दिवस गप्प का राहिलीस?"

"तुमच्या हातात आईचा एप्रन असायचा, बाबा."

वस्ताद उठले, दाराशी गेले आणि लोकांना हात जोडून म्हणाले, "आज जेवण मिळणार नाही. आमचा भात बिघडलाय." रस्त्यापलीकडे शिवणयंत्राचा आवाज थांबला.

आता खिडकीशी नवी, गोरीपान काठवट वारा खात उभी असते. मुलगी शीत चाखते, ती मान हलवेपर्यंत वस्ताद कडीला हात लावत नाहीत. शिंपीकाका परत आलेत. सगळं मार्गी लागलं.

पण मला घासूनपुसून दर्शनी भिंतीवर टांगलंय. लोक माझ्याखाली उभे राहून फोटो काढतात, म्हणतात, "हिच्याच जिवावर एवढं नाव झालं." नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! प्रत्येक कौतुकाला मी भिंतीवर लाजेने आक्रसते. वस्ताद तेव्हा खाली बघत मासा मांडत असतात, म्हणजे त्यांनाही ते टोचत असणार.

वस्ताद, एवढं ऐका. मला खाली उतरवा. तांब्याच्या पट्ट्या आठवण म्हणून ठेवा हव्या तर. फळ्या मात्र आता चांगल्या खडखडीत वाळल्या आहेत. आज रात्रीचा भात लावाल तेव्हा त्या चुलीत सरकवा. त्या भाताला न शिवता त्याच्या उपयोगी पडायची तेवढीच एक जागा मला उरली आहे.