बारीक अक्षरातली ओळ

मी एक जुना संगणक आहे. भंगारवाल्याच्या पत्र्याखाली, मोडक्या पंख्यांच्या शेजारी बसून बोलतो आहे. तेव्हा मित्रांनो, गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

मला कुणी जोडलं ते आठवत नाही. आठवतं ते पांडेसऱ्यातल्या मगनशेठच्या, कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलचं ऑफिस. तिथे मी कापडाचे मीटर मोजत असे. पुढे शेठने नवा, झटपट चालणारा संगणक घेतला आणि मला पुण्यकर्माच्या खात्यात टाकलं, म्हणजे जवळच्या मराठी शाळेला दान दिलं. टेम्पोत माझ्या शेजारी दुसरं दानही बसलं होतं. तो मिलमधलाच एक निळा, रिकामा ड्रम होता. तळाशी तोटी बसवली, की झाली मुलांच्या पाण्याची सोय! १९९५ साल होतं. आम्हा दोघांना हार घातले, दोघांपुढे नारळ फोडला. फोटोत मात्र मी पुढे होतो आणि मला त्याचा गर्व वाटला.

शाळेत बहुतेक मुलं खानदेशातून आलेल्या मिल कामगारांची. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि पुस्तकात मराठी, असा त्यांचा संसार. हेडमास्तर हिलाल सर माणूस वाईट नव्हते, पण भित्रे होते. माझ्या खोलीत चपला घालून यायचं नाही, मला शिवायचं नाही, एवढेच त्यांचे नियम.

सुषमाबाईंनी ते नियम गुंडाळून ठेवले. त्या सातवीच्या बाई. मुलं कविता चालीवर धडाधडा म्हणतात, पण हातात औषधाचं पाकीट दिलं की गप्प बसतात, हे त्यांना फार लागायचं. शाळा सुटल्यावर त्या माझ्यापुढे बसून एकेक अक्षर शोधत टंकायच्या. त्यांनी माझ्या पडद्यावर पानं तयार केली. कुठे औषधाची सूचना, कुठे स्टोव्ह पेटवण्याची रीत, कुठे बारडोलीच्या बसचं वेळापत्रक. मग मुलं माझ्याभोवती गोळा व्हायची आणि बाई सांगायच्या, गोष्ट वाचताना पुढे काय झालं ते बघायचं, पण माहिती वाचताना आपण काय करायचं ते शोधायचं. आधी मथळा, मग ठळक अक्षर, मग चित्र. शेवटी त्या एक कळ दाबायच्या, की तळाची बारीक ओळ मोठी होऊन सगळा पडदा भरायची. मुलं "ओहो" करायची. बाई म्हणायच्या, "लोकांनी वाचू नये असं वाटतं ते बारीक लिहितात. तेच सोडायचं नाही."

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. हिशेब करणारं यंत्र म्हणून जन्मलो आणि मास्तर झालो! मुलं रस्त्यातही वाचत जाऊ लागली. विजेच्या खांबावरची पाटी, बिस्किटाचा पुडा, काही म्हणजे काही सुटेना. सगळ्यांत पुढे मयुरी. तिचे वडील सुकदेव मगनशेठच्या मिलमध्ये रंगखात्यात होते, आणि त्यांना सही सोडून काही लिहिता येत नव्हतं. म्हणून तिचं वाचन त्यांच्या घरात मोठं कौतुकाचं होतं.

वर्षाच्या शेवटी आपल्या दानाचं काय झालं ते बघायला शेठ पाहुणे घेऊन आले. हिलाल सरांची धावपळ पाहवत नव्हती. बाईंनी मयुरीला पुढे केलं. तिने माझ्यावरची पानं घडाघडा वाचून समजावली. शेठ खूश झाले. म्हणाले, हे तर पाठ केलेलं असेल, दुसरं काहीतरी, वाटेल ते वाचून दाखव.

"गमे ते वांच, बेटा."

मयुरीने इकडेतिकडे पाहिलं. दाराशीच निळा ड्रम उभा होता. त्याच्या पाठीमागे, भिंतीकडच्या बाजूला, घासून फिकट झालेली चिठ्ठी होती. ती वाकली. बाईंनी शिकवलं तसंच, क्रमाने गेली. मथळा म्हणजे रसायनाचं नाव. ठळक अक्षरात, विषारी. चित्रात कवटी. मग नाक जवळ नेऊन तिने तळाची बारीक हिंदी ओळ मोठ्याने वाचली, "खाली ड्रम में पीने का पानी न भरें."

एका मुलाच्या हातात भरलेला पेला होता, तो त्याने हळूच खाली ठेवला. मग शेठ हसले. पोरगी हुशार आहे म्हणाले, कोणाची? आणि त्या वेड्या पोरीने अभिमानाने बापाचं नाव सांगितलं. वर म्हणाली, "तुमच्याच मिलमध्ये आहेत."

सोमवारी सुकदेवना मिलच्या फाटकावरूनच परत पाठवलं. कारण सांगितलं नाही. कशाला सांगतील? आणि ड्रमचं काय झालं म्हणाल, तर ड्रम बदलला नाही, रंगवला. चिठ्ठीवरून जाड ऑइलपेंटचा हात फिरला आणि वर सुरेख अक्षरात आलं, पिण्याचे पाणी, आणि खाली शेठचं नाव. सुषमाबाई हिलाल सरांशी भांडल्या. सर मान खाली घालून म्हणाले, धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. बाईंनी आपल्या वर्गासाठी घरून माठ आणला. आठवड्याने त्यांना पहिलीवर पाठवलं आणि माझ्या खोलीची किल्ली काढून घेतली.

सुकदेव पोरीचा दाखला न्यायला आले. त्यांना पलसाण्याकडे काम मिळालं होतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण माझ्या खिडकीबाहेर उभे राहून बाईंना एवढंच म्हणाले, "बाई, पोरले वाचता येवाले लागनं, आनंद शे. पण कोठे वाचानं नही, ते बी शिकाडी देवाले पाहिजे व्हतं." मयुरी बापाच्या मागे उभी होती. तिने ते ऐकलं.

पुढे माझी फक्त पूजा झाली. दर दसऱ्याला झेंडू आणि हळदकुंकू. मला सुरू करायला कुणी येईना. आत उंदीर शिरले, तारा कुरतडल्या. शेवटी आम्ही दोघंही भंगारात आलो, मी आणि माझा दानाचा भाऊ.

काल दोन बायका पाण्यासाठी ड्रम बघायला आल्या. एकीबरोबर उंच झालेली मुलगी होती. मी ओळखली, ती मयुरी होती. उन्हाने ऑइलपेंटचे पापुद्रे उडाले आहेत, चिठ्ठी पुन्हा उघडी पडली आहे. मयुरी वाकली. मथळा, ठळक अक्षर, चित्र. बारीक ओळीशी तिचे ओठ नुसते हलले. आईने विचारलं, चांगला शे ना? मयुरीने दुसऱ्या बाईकडे पाहिलं, भंगारवाल्याकडे पाहिलं, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "दुसरा देख, आई."

आईने दुसरा घेतला. तो निळा ड्रम त्या दुसऱ्या बाईने नेला. तिच्या कडेवर मूल होतं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसू नका, मला दुरुस्तही करू नका. तुमच्याकडे नवे संगणक येतील, ते तुम्हाला माझ्याहून चांगलं वाचायला शिकवतील. पण एखादं पोर मोठ्याने वाचायला उभं राहिलं, तर त्याच्या बापाचं नाव विचारणारा आणि ते पोर यांच्या मध्ये तुम्ही उभे राहा. आमच्या शाळेत त्या दिवशी कुणी उभं राहिलं नाही. मयुरी आता मनात वाचते.